कर्नाळा की फणसाड? सोबत सासूसासरे, मुलं आणि किल्ल्याचं खूळ घेतलेले दीर

पेणची_सूनबाई

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. नाताळच्या सुट्टीत दीर-जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं डोंबिवलीहून आमच्याकडे पेणला येतायत. पाहुणे आले की आमचं ठरलेलं, अलिबाग नाहीतर काशीद, आणि मग संध्याकाळी गाडीभर वाळू, मुलांचे कपडे ओले आणि सासूबाई दिवसभर सावली शोधत फिरलेल्या. म्हणून ह्यावेळी मी आधीच जाहीर करून टाकलंय, समुद्र नाही, जंगल.

आता जंगल म्हटलं की आमच्या आवाक्यात दोनच, कर्नाळा पक्षी अभयारण्य आणि फणसाड. कर्नाळ्यावरून येता-जाता तो सुळका रोजचा दिसतो पण आत कधी पाय टाकला नाही, जवळ असलं की असंच होतं. फणसाड मिस्टरांनी कॉलेजात असताना बघितलंय, त्यांना फक्त माकडं आठवतात.

आम्ही नऊ जण. सासरे ७२ चे, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाटीवर तासभर आरामात चालतात पण उतार आला की हात धरावा लागतो. सासूबाई चालायला खणखणीत पण त्यांना दर तासाला बाथरूम लागतं, त्यामुळे कुठे जायचं म्हटलं की त्या सकाळपासून पाणीच प्यायचं बंद करतात, ते मला बघवत नाही. मुलं ६ ते १२ मधली. आणि दीर, ज्यांनी नुकतेच ट्रेकिंगचे नवे बूट घेतलेत, त्यांना कर्नाळ्याचा किल्ला करायचाच आहे आणि तोही सगळ्यांना घेऊन.

तर मोठ्या माणसांना झेपेल अशी वाट कुठे आहे, बाथरूमची सोय कुठे आहे, जेवण डब्यातून न्यायचं की तिथे मिळतं, आणि किल्ला मुलांना जमेल का? नेटवर फोटो ढीगभर आहेत पण सगळे एकतर सुळक्याचे नाहीतर सेल्फी. प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी सांगा प्लीज.

पळस्पे_फाटा

ताई, डोळे झाकून कर्नाळा. ७२ चा गुडघा आणि दर तासाचं बाथरूम म्हटल्यावर फणसाडचा विषयच संपला.

मी पनवेलचा, थंडीत बऱ्याचदा रविवारी सकाळी जातो. पनवेलपासून १२ किमी, तुम्हाला पेणहून अर्धा तास धरा. एक लक्षात ठेवा, पेणकडून येताना गेट उजव्या हाताला पडतं, हायवेवर कंटेनर सुसाट असतात, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याने वळताना घाई करू नये आणि मुलांना गाडीतून उतरवायचं ते आत पार्किंगला गेल्यावरच. गेटवर तिकीट, मग बॅगा तपासतात, प्लास्टिकच्या बाटल्या मोजून त्यांचं डिपॉझिट घेतात, येताना बाटली दाखवली की पैसे परत. घरातल्या स्टीलच्या बाटल्या न्या म्हणजे ती भानगडच नको. वेफर्स कुरकुरेची पाकिटं तर अजिबात नेऊ नका, एकतर तिथे काढून घेतील आणि चुकून आत गेलीच तर माकडं काढून घेतील. सुट्टे पैसे ठेवा.

गेटपासून आत थोडं चाललं की माहिती केंद्र लागतं, पक्ष्यांचे पिंजरे आहेत, बसायला जागा आहे, सगळी मोठी झाडी त्यामुळे डिसेंबरात अकरा वाजले तरी सावली असते. सासरे ह्या टापूत तास-दीड तास मजेत काढतील, रस्ता रुंद आहे. बाथरूम ह्याच भागात, गेटच्या बाजूला. वाटेवर पुढे गेलात की मग काही नाही, म्हणून सासूबाईंना वाट सुरू करायच्या आधी जाऊन यायला सांगा आणि पाणी पिऊ द्या त्यांना, अर्ध्या तासात परत येता येईल एवढंच पुढे जायचं.

वाटांचं म्हणाल तर हरियाल आणि मोरटाका ह्या दोन निसर्गवाटा लोकांना माहीत असतात. हरियाल सोपी, सकाळी निवांत फिरायला ती बरी. मोरटाका जरा दमवते, आत झाडी दाट आणि माणसं कमी, तुमच्या दिरांना बूट चिखलात नाही तरी धुळीत घालायला तीच द्या. किल्ल्याची वाट तिसरी, ती वेगळी चीज आहे, त्यावर कोणीतरी लिहीलच.

आता वाईट काय तेही सांगतो. हायवे अभयारण्याच्या पोटातून जातो. सुरुवातीला पक्षी कमी आणि हॉर्न जास्त ऐकू येतात. आणि सुट्टीच्या दिवशी दहानंतर पिकनिकवाले येतात, ब्लूटूथ स्पीकर खांद्यावर लावून चालणारी पोरं, त्यांना वाटतं जंगलाला गाणी ऐकवली पाहिजेत. सातच्या सुमाराला गेटवर पोचलात तर वेगळीच जागा बघाल. अभयारण्य तसं लहानच, १९६८ ला झालं तेव्हा साडेचार चौरस किमीसुद्धा नव्हतं, २००३ मध्ये वाढवून १२.११ केलं, त्यामुळे तिथे गर्दीपासून लांब पळायला फार जागा नाही, वेळच गाठावी लागते.

कुडाळचो_बाबू

सगळे रायगडाकच मरतत. आमच्याकडे आंबोली आसा, तिळारी आसा, कोण इचारीत नाय 😄

पेणची_सूनबाई

बाबूदादा, सासऱ्यांचा गुडघा आंबोलीपर्यंत गाडीत बसून आला तर तिथे चालायला उरायचा नाही 😀 पुढच्या वेळी नक्की.

पळस्पेदादा खूप खूप आभार, असंच हवं होतं. पण मुलांना प्राणी दिसतील असं काही? कर्नाळ्याच्या पिंजऱ्यातले पक्षी बघून माझा मुलगा म्हणेल हे तर राणीच्या बागेत पण आहे.

मुरुडचा_माणूस

पळस्पेवाल्या भाऊंनी फणसाड एका वाक्यात निकालात काढलं म्हणून लिहितोय. सोयी बघितल्या तर त्यांचं बरोबर आहे, मी भांडत नाही. पण जंगल बघायचं असेल तर जंगल बघा की.

फणसाड हे मूळचं जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, संस्थान १९४८ ला विलीन झालं, अभयारण्य १९८६ पासून. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या सामान्य माणसाची कुऱ्हाड तिथे फारशी चालली नाही, त्याचा फायदा आज दिसतो. ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी, आणि समुद्र एवढा जवळ असून आत शिरलात की हवाच बदलते. आत पाण्याच्या जागा आहेत, आमच्याकडे त्याला गाण म्हणतात, फणसाड हे नाव पण तसल्याच एका गाणीचं. चिखलगाण, धरणाची गाण अशा बऱ्याच आहेत. उन्हाळ्यात जनावर तिथेच येतं, बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून वनखात्याची मोजणी होते ती ह्याच पाणवठ्यांवर.

ताई, मुलांना प्राणी दिसतील का म्हणालात तर खरं सांगतो. बिबट्या आहे, सांबर आहे, भेकर आहे, पिसोरी म्हणजे ते इवलंसं हरीण आहे, पण नऊ जणांचं बोलत चाललेलं टोळकं बघायला त्यातलं कोणी थांबणार नाही. शेकरू मात्र दिसू शकतं आणि मुलांना तेच आवडतं. कसं शोधायचं सांगतो. वर बघत चालायचं नाही, मान दुखते आणि ठेच लागते. खाली बघायचं. एखाद्या झाडाखाली ताजी कुरतडलेली फळं, सालपटं, टरफलांचे तुकडे एकाच ठिकाणी पडलेले दिसले की तिथे गप्प उभं राहायचं. पाच मिनिटात वरून परत एखादा तुकडा पडतो, टप्प करून, की मग मान वर करायची. एवढं मोठं लालसर जनावर, शेपूट खाली लोंबतेय, आणि आपल्याकडे बघत खातंय. नाहीतर करकरकर असा खडखडाट ऐकू येतो तो त्याचाच. एकेका शेकरूची घरटी पण दोन-चार असतात, फांदीच्या टोकाला काटक्यापानांचा गोळा दिसला तर आत कोणी असेलच असं नाही.

दुसरं म्हणजे गारंबी. ही वेल आहे, वेल म्हणजे अंगणातली नव्हे, माणसाच्या मांडीएवढी जाड, ह्या झाडावरून त्या झाडावर पिळे घालत गेलेली. शेंग हातभराहून लांब. आतली बी चपटी, तपकिरी, गुळगुळीत, दगडासारखी टणक, आणि पाण्यावर तरंगते. ओढ्यातून वाहत समुद्रात जाते आणि किनाऱ्याला लागते, लहानपणी आम्ही भरतीच्या रेषेत शोधायचो. तुमच्या सासूबाईंना विचारा, त्यांच्या माहेरी कोणाच्या ना कोणाच्या डब्यात गारंबीची बी असेलच. मात्र अभयारण्यातून एक पान पण उचलायचं नाही, बघायचं आणि तिथेच ठेवायचं.

सोयी: सुपेगावला गेट आहे, किनाऱ्याचा रस्ता सोडून आत यावं लागतं. राहायला तंबूंची सोय आहे वनखात्याची, पण नाताळात आयत्यावेळी मिळेल ही आशा ठेवू नका. बाथरूम असेल ते मुक्कामाच्या ठिकाणी, आत जंगलात झाडच. वाटाड्या घ्याच, गावातलीच मुलं आहेत, त्यांच्याशिवाय आत जायचं नाही, आत रेंज गेली की सगळ्या पायवाटा सारख्याच दिसतात. आणि निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा आमच्या भागात झाडं अशी पडली की महिनोन्‌महिने रस्ते मोकळे करत होतो, जंगलाचंही खूप नुकसान झालं. जुने ब्लॉग वाचून अमुक वाट, तमुक वाट म्हणून येऊ नका, आता कोणती चालू आहे ते वाटाड्याला विचारा.

आजी_ऑनलाइन

मुरुडच्या दादांचं गारंबीचं वर्णन वाचून बरं वाटलं, आमच्या आईच्या डब्यात होती खरंच. पण ते “आत जंगलात झाडच” एवढं सहज लिहून गेले त्यावर बोलायचंय.

मी ६६ वर्षांची आहे, मला फिरायला आवडतं. बायका पाणी न पिता दिवस काढतात ते नखरे म्हणून नाही. सूनबाईंच्या सासूबाई करतात तेच मी वर्षानुवर्ष केलं आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने डॉक्टरांकडे खेपा घातल्या. एका प्रसिद्ध ठिकाणी गेले होते, नाव नाही घेत, तिथे मोठं सुंदर प्रवेशद्वार, वाघाचा पुतळा, सेल्फी पॉइंट, आणि बाथरूमला कुलूप, किल्ली ज्याच्याकडे तो जेवायला गेलेला. पुतळ्याच्या पैशात चार बाथरूम झाली असती. तेव्हा जंगल बघायचं तर सोयी मागू नका असं कृपा करून कोणी सांगू नका. बिबट्याला काय फरक पडतो गेटजवळ एक स्वच्छ संडास असला तर.

सूनबाई, तुम्ही सासूबाईंच्या पाण्याचा विचार केलात, सुखी राहा.

मुरुडचा_माणूस

आजी, गेटजवळ हवंच, त्यात दुमत नाही. माझा विरोध आहे तो आतपर्यंत पेव्हर ब्लॉक, लाइट आणि झुले ह्याला. एकदा डांबर आत गेलं की मागून टपरी येते, टपरीमागून कचरा येतो आणि कचऱ्यामागून कुत्री, आणि कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीत येतो, मग तोच वाईट. आमच्याकडे हॉटेलांची रांग कशी वाढत गेली ते काशीदला बघतोच आहे.

आजी_ऑनलाइन

मग असं म्हणा ना. गेटपर्यंत सगळं द्या, पुढे काही नको. मान्य.

दुर्बीण_गळ्यात

पक्ष्यांचं कोणी लिहिलं नाही अजून म्हणून.

आधी एक गैरसमज. कर्नाळा म्हटलं की हल्ली सगळ्यांना तो रंगीत छोटा खंड्या बघायचा असतो, तिबोटी खंड्या, आपल्या रायगडचा जिल्हापक्षी. तो पावसाळी पाहुणा आहे, जूनमध्ये येतो, ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून पिल्लं वाढवतो आणि पाऊस सरला की दिसेनासा होतो. डिसेंबरात कोणी दाखवतो म्हणाला तर मोबाइलमधला फोटो दाखवेल. पावसात जाल तेव्हाही बिळासमोर ठाण मांडून बसणाऱ्यांतले होऊ नका, चोचीत पाल-खेकडा घेऊन तो बिचारा फांदीवर ताटकळत बसतो आणि आत पिल्लं उपाशी.

थंडीत दुसरी मजा. मुलांना एक काम द्या, काळा पक्षी शोधा ज्याच्या शेपटीला दोन तारा आणि तारांच्या टोकाला पिसाचे गोंडे. तो भृंगराज. कर्नाळ्यात सकाळी हटकून भेटतो, आणि दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो त्यामुळे एकाच झाडातून पाच आवाज येतात, मुलं हसून हसून दमतात. त्याच्या मागेमागे बाकीचे किडे खाणारे पक्षी टोळीने फिरतात म्हणून भृंगराज सापडला की तिथेच थांबा, पळू नका. स्वर्गीय नर्तक, पांढरी रिबिनीसारखी शेपूट असलेला नर, ओढ्याच्या बाजूला. नशीब जोरावर असेल तर मलबार ट्रोगन, पण तो एकाच फांदीवर पुतळ्यासारखा बसतो, लाल पोट दिसेपर्यंत समोर असून सापडत नाही. हिवाळी पाहुण्यांत ब्लू-कॅप्ड रॉक थ्रश, खालच्या फांद्यांवर असतो, सोपा आहे.

हरियाल वाटेवर हरियाल, म्हणजे हिरवं कबूतर, दिसेलच असं नाही, तरी उंबर पिकलेला असेल तर वर नजर टाका, आपला राज्यपक्षी आहे, पिवळे पाय, पानात पान होऊन बसतो.

फणसाडमध्ये माझं आकर्षण गिधाडं. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं रायगडात टिकून राहिलेल्या मोजक्या ठिकाणांपैकी हा पट्टा, म्हसळ्याजवळ चिरगाव पण त्यासाठीच प्रसिद्ध. गुरांना द्यायचं डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध, ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याची किडनीच जाते. २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली पण तोवर देशभर होत्याचं नव्हतं झालं होतं, आणि गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं, भरून यायला किती काळ लागेल तुम्हीच बघा. सकाळी नऊ-दहानंतर हवा तापली की आकाशात घिरट्या घालताना दिसली तर दिसली. मुलांना नाही कळणार कदाचित, सासऱ्यांना कळेल, त्यांच्या लहानपणी गावाबाहेर ढोर टाकलं की झुंबड असायची.

कपडे मातकट-हिरवे घाला. जाऊबाईंना लाल जॅकेट घरी ठेवायला सांगा. सेंट कोणीच मारू नका, ह्याचं कारण किल्ल्यावाले सांगतील.

अर्धा_ट्रेकर

किल्ल्यावाला हजर.

सेंटचं कारण म्हणजे मोहोळं. वरचा सुळका, लिंगोबा म्हणतात त्याला, त्याच्या कड्याला आग्या मोहोळाची पोळी लटकलेली असतात, खालून काळे डाग दिसतात ते तेच. परफ्युम, सिगरेटचा धूर, आरडाओरडा, दगड मारणं ह्यातलं काहीही एकाने केलं तरी सगळ्यांना पळावं लागतं, आणि पळायला तिथे जागा नाही, एका बाजूला दरी. लोकांना चावलेत, हॉस्पिटलात जावं लागलंय. त्यामुळे वर गेलं की हळू बोलायचं आणि सुळक्याच्या पायथ्याशी टाक्यांजवळ मुलांना दंगा करू द्यायचा नाही. आणि कोणाला डंखाची अ‍ॅलर्जी असेल तर त्याने वर जाऊच नये.

वाट: सुरुवात सोपी, झाडीतून. मग सोंडेवर चढली की ऊन, शेवटचा टप्पा घसरडा दगड-माती. रोज न चालणाऱ्याला वर जायला दोन-अडीच तास सहज, उतरताना गुडघ्याचा जीव जातो. वाटेत कर्णाई देवीचं देऊळ लागतं, थोडं बसायचं. पाणी माणशी दोन लिटर खालूनच न्या, टाक्यातल्या पाण्यावर अवलंबून राहू नका. ताई, १२ वर्षांचा मुलगा चालणारा असेल तर येईल, ६ वर्षांचं मूल शेवटी खांद्यावर येतं आणि त्या शेवटच्या भागात मूल खांद्यावर असणं मला पटत नाही. सासऱ्यांचा विचारही करू नका.

वर गेल्यावर दिसतं काय तर हवा स्वच्छ असेल तर प्रबळगड, माणिकगड, सांकशी, आणि पश्चिमेला खाडी आणि मुंबईची बाजू. किल्ला फार मोठा नाही पण जागा मोक्याची, घाटावरून बंदराकडे जाणाऱ्या वाटेवर नजर ठेवून. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी जे २३ किल्ले दिले त्यात हा होता, १६७० ला परत घेतला. तुमचे दीर रील करणार असतील तर कमीत कमी एवढं तरी बोलू देत त्यात, नाहीतर सगळे वर जाऊन “गाईज काय व्ह्यू आहे” एवढंच.

माझं मत, दीर + मोठा मुलगा + अजून एखादा मोठा माणूस, सकाळी गेट उघडताच सुटा, साडेअकरा-बारापर्यंत खाली. बाकी मंडळी खाली हरियालवर. दोन गट करा, भांडण मिटेल.

पळस्पे_फाटा

हे बेस्ट. आणि दोन्ही गटांनी भेटायची जागा आधी ठरवा, आत मोबाइल कधी लागतो कधी नाही.

अजून एक राहिलं होतं. दुपारी परत पेणला जायच्या ऐवजी आधी शिरढोणला जाऊन या, पळस्प्याच्या अलीकडे, कर्नाळ्यापासून अगदी थोडक्यात. आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव, १८४५ चा जन्म, आणि त्यांचे आजोबा कर्नाळ्याचेच किल्लेदार होते. वाडा आहे, सगळं सपाटीवर, सासऱ्यांना तिथे किल्ला चढल्यासारखंच होईल. सकाळी खालून सुळका दाखवायचा आणि दुपारी त्याच किल्ल्याच्या किल्लेदाराचं घर.

पेणची_सूनबाई

किती सुंदर माहिती दिलीत सगळ्यांनी! घरात वाचून दाखवलं. सासरे म्हणाले शिरढोण आधी. सासूबाईंनी गारंबीचं ऐकून कपाटातून खरंच बी काढून आणली हो, मुलाने ती पाण्याच्या घमेल्यात टाकून तरंगते का बघितलं, तरंगली.

तर ठरलं असं. कर्नाळा, सोमवारी नाही जमत पण शुक्रवारी जातोय म्हणजे शनि-रविची गर्दी नको. दीर, मोठा पुतण्या आणि मिस्टर किल्ला, आम्ही खाली. दिरांना दोन गट पटायला वेळ लागला, पण मोहोळाचा भाग वाचल्यावर जाऊबाईंनीच निकाल दिला. फणसाड मिस्टर आणि मी दोघंच फेब्रुवारीत करू, मुरुडच्या दादांना तेव्हा परत त्रास देईन. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, सुकी बटाट्याची भाजी आणि कोकम सरबत स्टीलच्या बरणीत, ठीक ना? की तिथे जेवण मिळतं ते घ्यावं?

पळस्पे_फाटा

डबा न्याच. गेटबाहेर खायला मिळतं पण नऊ जणांचं आयत्यावेळी सांगितलं तर दीड तास बसाल. मात्र डबा आत झाडाखाली उघडू नका, माकडं पुरी हातातून नेतात आणि ६ वर्षांचं पोर रडत बसतं. बसायच्या ठरलेल्या जागी, खरकटं परत पिशवीत.

मुरुडचा_माणूस

फेब्रुवारीत या ताई पण पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि फुल पँट घालून. खाजकुयलीच्या शेंगा तेव्हा वाळलेल्या असतात, वाटेच्या कडेलाच लोंबतात, मखमलीसारख्या सोनेरी दिसतात म्हणून शहरातले लोक कौतुकाने हात लावतात आणि मग संध्याकाळपर्यंत नाचतात. लागलीच तर चोळायचं नाही, पाणी पण लगेच नको, आधी कोरडी माती किंवा शेण थापून केसं काढायची, वाटाड्याला माहीत असतं. आणि काशीदवरून येणार असाल तर शनिवारी नको, सगळी मुंबई त्या रस्त्याला असते.

दुर्बीण_गळ्यात

कर्नाळ्याला जाऊन आलात की इथे लिहा काय काय दिसलं ते. शीळकरी कस्तूर ऐकला तर खास लिहा, ओढ्याजवळ माणसाने शीळ घातल्यासारखी ऐकू येते, पण थंडीत गप्पच असतो बहुतेक.

कुडाळचो_बाबू

आणि आंबोलीची तारीख पण कळवा. पावसात येवा, गुडघो गाडीतच ऱ्हवांदे, धबधबो रस्त्यारच आसा.